चौथा खूर

शहरात घोड्यांच्या शर्यती सुरू झाल्या तेव्हा त्यांना शर्यती म्हणावं असंही कुणाला वाटलं नव्हतं. छावणीतले चार-दोन अधिकारी आणि कापसाचे दोन दलाल शनिवारी वेशीबाहेरच्या माळावर जमायचे, माझा घोडा सरस की तुझा यावर हुज्जत घालायचे, आणि हुज्जत मिटेना की पार विहिरीपर्यंत घोडे पिटाळायचे. बघायला कोण, तर गवत कापणाऱ्या बायका. दुसऱ्या वर्षी कुणीतरी काथ्याची दोरी बांधून वाट आखली. तिसऱ्या वर्षी क्लब निघाला, क्लबाला सेक्रेटरी मिळाला, आणि बंद पडलेल्या शाळेतली घंटा आणून खांबाला टांगली गेली. स्वारांना तोलायला कापसाच्या वखारीतला काटा यायचा. एका पारड्यात माणूस खोगीर मांडीवर घेऊन बसायचा, दुसऱ्यात वजनं.

शर्यतीचे असे वेगळे घोडे तेव्हा नव्हतेच. आठवडाभर जे घोडं गाडी ओढायचं तेच शनिवारी पळायचं. गाडीच्या घोड्याला रस्त्यासाठी जाड नाल लागतो, आणि पळताना तोच नाल पायातली बेडी होतो. म्हणून शनिवारी सकाळी जड नाल काढून पातळ नाल ठोकायचे आणि रविवारी पुन्हा जड. इतक्या वेळा खिळे मारले की खुराची चाळणी होते. त्यासाठी हात हलका हवा, आणि शहरात तसा हात एकाचाच होता.

दोघा नालबंद भावांतला तो धाकटा, म्हणून अख्खी गल्ली त्याला धाकटाच म्हणायची. आईबाप साथीत एकाच आठवड्यात गेले तेव्हा तो चार वर्षांचा होता आणि दादा अठराचा. दादाची बायको लग्न होऊन आली त्याला सहा महिनेही झाले नव्हते. त्या सोळा वर्षांच्या पोरीने दिराला कडेवर घेतलं ते तो शेजारच्या पोरांना मारण्याइतका मोठा होईपर्यंत खाली ठेवलं नाही. पुढे तिला स्वतःला मूल झालं नाही. कुणी हळहळलं की ती म्हणायची, "एक आहे तेवढं पुरे. हा एकटाच चौघांचं खातो."

दुकान घराच्या पुढच्या पडवीत होतं. आत भट्टी, भाता आणि ऐरण, बाहेर घोडा बांधायची कडी. दादा डावखुरा, मनगट जाड, शब्द कमी. तापलेलं लोखंड वाकवावं तर त्यानेच. खुराजवळचं नाजूक काम मात्र हळूहळू धाकट्याकडे गेलं. शिकवलं दादानेच. "खिळा मारताना डोळ्याने बघू नकोस, कानाने बघ," हे त्याचं नेहमीचं. खिळा खुराच्या कठीण भागातून जातो तेव्हा टणक वाजतो, आणि जिवंत मांसाकडे वळला तर आवाज बसका होतो. तिथेच थांबून खिळा काढायचा, नाहीतर घोडं गेलं. धाकटा हे इतकं शिकला की गिऱ्हाईक दुकानात आलं की दादाला नमस्कार करायचं आणि घोडं धाकट्यापुढे उभं करायचं. दादा कधी काही बोलला नाही.

शहरातल्या डॉक्टरांची एक घोडी होती, जायफळ नावाची, रंगानेही तशीच. पुढचा उजवा खूर चिरलेला म्हणून डॉक्टरांना ती स्वस्तात मिळाली होती. धाकट्याने तो खूर अकरा महिने सांभाळला. दर आठवड्याला चीर साफ करायची, मेण भरायचं, नाल असा बसवायचा की भार चिरेवर येऊ नये. चीर खाली सरकत सरकत एक दिवस खुराबरोबर तासून निघाली. पुढे एका सकाळी डॉक्टरांना तातडीचं बोलावणं आलं, आणि गाडीला जुंपलेल्या जायफळने छावणीच्या रस्त्यावर एका कप्तानाच्या मोकळ्या घोड्याला मागे टाकलं. डॉक्टर ही गोष्ट सगळ्यांना सांगायचे. "पेशंट वाचला नाही," ते म्हणायचे, "पण घोडी सापडली."

त्यांचा गाडीवान अंगाने इतका किडकिडीत की सगळे त्याला काडी म्हणत. तोच शनिवारी जायफळवर बसू लागला. वखारीच्या काट्यावर तो बसला की मागून कुणीतरी हमखास विचारायचं, "माणूस कधी चढतोय?" त्या मोसमात जायफळने चार शर्यती मारल्या. काडी आणि धाकटा जिवाभावाचे दोस्त झाले. शर्यत झाली की काडी सगळ्यांत आधी धाकट्याकडे यायचा आणि कुठल्या वळणावर घोडीने कुठला पाय आधी टाकला ते सांगायचा.

मग क्लबाने मोठा कप जाहीर केला. दोन मैलांची शर्यत, बाहेरगावचे घोडे, फळ्यांचा नवा मांडव. त्या शनिवारी सकाळी जायफळ दुकानासमोर उभी होती. तिची निगा राखणारा डॉक्टरांचा मोतद्दार पाणी आणायला गेला होता म्हणून वहिनीने लगाम धरला होता. धाकट्याने मागचे दोन आणि पुढचा डावा असे तीन नाल मारले. चौथा पाय मांडीवर घेऊन त्याने नाल लावून बघितला आणि तेवढ्यात क्लबाचा शिपाई आला.

"सेक्रेटरी साहेबांनी बोलावलंय. आत्ता."

"हा एक पाय झाला की आलोच."

"आत्ता म्हणजे आत्ता. साहेब नंतर पाहुण्यांत अडकतील."

धाकट्याने दादाकडे बघितलं. दादा भट्टीपासून उठून बाहेर आला आणि त्याने हात पुढे केला. धाकट्याने हातोडा दिला.

"जुन्या चिरेच्या बाजूला जरा बाहेरून घे," तो म्हणाला.

"तू मला शिकवू नकोस," दादा म्हणाला, आणि दोघंही हसले.

सेक्रेटरीने त्याला बसायलाही सांगितलं नाही, पण बातमी अशी दिली की उभ्या उभ्या त्याचे पाय जमिनीवर राहिले नाहीत. क्लब आता स्वतःचा कायमचा नालबंद ठेवणार होता. माळावर पक्की भट्टी, राहायला दोन खोल्या. डॉक्टरांनी त्याचं नाव सुचवलं होतं. आजची शर्यत नीट पार पडू दे, सोमवारी कागद करू, असं सेक्रेटरी म्हणाला.

धाकटा पळतच घरी आला. नाल बसला होता. दादा वाकून तोच खूर बघत होता, वहिनी अजून लगाम धरून उभी होती. दादाने मान वर केली. "हे बघ," तो म्हणाला, "हा जो पाय आहे..."

"आधी माझं ऐक." धाकट्याला धीर नव्हता. त्याने धापा टाकत सगळं सांगितलं. नोकरी, भट्टी, दोन खोल्या. "तुम्ही दोघंही चला तिकडे. दुकान आपलं आहेच."

दादाने पाय खाली सोडला आणि हात पुसले.

"छान झालं," तो म्हणाला.

"तू काय सांगत होतास?"

"काही नाही. झालाय पाय. ने तिला."

मोतद्दार आला आणि घोडीला घेऊन माळाकडे गेला. धाकटा अंघोळीला पळाला. त्याने चौथा खूर पुन्हा उचलून बघितला नाही. दादाने मारलेला नाल तपासायची त्याला आयुष्यात कधी गरज पडली नव्हती.

दुपारी माळावर इतकी गर्दी झाली की लोक पिंपांवर आणि गाड्यांच्या टपांवर चढले. घंटा झाली. पहिल्या मैलाला जायफळ तिसरी होती. दुसऱ्या वळणावर काडीने तिला मोकळं सोडलं आणि ती दोघांना ओलांडून पुढे निघाली. मांडवातले साहेबलोकही उभे राहिले. शेवटच्या सरळ वाटेला पाचशे पावलं उरली असताना तिचा पुढचा उजवा पाय टेकता टेकता उचलला गेला. पुढच्या टापेला तो टेकलाच नाही. ती तोंडावर आपटली आणि मागून येणारा घोडा काडीच्या पायावरून गेला.

धाकटा दोरीखालून घुसला आणि आधी काडीकडे धावला. काडीची नडगी दोन ठिकाणी मोडली होती, तरी तो शुद्धीवर होता. "ती लंगडली," तो सारखं म्हणत होता. "आधी लंगडली, मग पडली." डॉक्टरांनी आणि धाकट्याने त्याला फळीवर घेऊन दवाखान्यात नेलं. हाड जागेवर बसवताना काडीचे खांदे धरायला धाकटाच होता. संध्याकाळ तिथेच गेली.

दरम्यान माळावर जायफळ तीन पायांवर थरथरत उभी होती. कुणीतरी दादाला बोलावलं. दादाने येऊन नाल उपटला, खिळ्याचं भोक खरवडून मोकळं केलं, आत साचलेलं रक्त वाहू दिलं आणि खुराची कड कानशीने घासून साफ केली. घोडी वाचली. सगळ्यांनी दादाची वाहवा केली. काढलेला खिळा त्याने सेक्रेटरीच्या हातात दिला. त्याच्या मधल्या भागाला रक्त लागलं होतं.

ज्यांनी जायफळवर पैसे लावले होते ते तोवर ओरडू लागले होते की नालबंद फितला. सोमवारी मांडवामागच्या फळ्यांच्या खोलीत चौकशी बसली. टेबलामागे सेक्रेटरी आणि क्लबाचे दोन सभासद, बाजूला डॉक्टर, दाराशी दोघे भाऊ. धाकट्याच्या मनात धाकधूक नव्हती. घडलं ते घडलं. दादा सांगेल, चूक कुणाचीही होते, पदरात काय पडायचं ते पडेल, असं तो धरून चालला होता. रविवारभर दादा त्याच्याशी बोलला नव्हता. त्याला वाटलं, लाजेने असेल.

"चारही नाल तूच मारलेस?" सेक्रेटरीने विचारलं.

"तीन मी मारले. चौथा दादाने. तुम्हीच मला बोलावलं होतंत, म्हणून."

"बोलावलं होतं, पण परत जाऊनही मारता आला असता." सेक्रेटरीने दादाकडे बघितलं. "चौथा तू मारलास, हे खरं?"

दादा समोरच्या भिंतीकडे बघत होता. "मी भट्टीवर होतो," तो म्हणाला. "घोडीला मी हात लावला तो माळावर, ती पडल्यावर."

धाकट्याला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. "दादा," तो म्हणाला, "मी हातोडा तुझ्या हातात दिला."

दादाची नजर भिंतीवरच राहिली.

"साहेब, खूर बघा," धाकटा टेबलापुढे गेला. "खिळ्याचं टोक खुरातून बाहेर येतं ते आम्ही मोडून वळवतो. माझी टोकं उजवीकडे कलतात. हा डावखुरा आहे, ह्याची डावीकडे. घोडी बाहेरच आहे. तीन पायांवर माझी टोकं दिसतील, चौथ्यावर..."

तो तिथेच थांबला. चौथ्या पायावर नाल नव्हता. कड कानशीने घासून गुळगुळीत झाली होती. घासली होती दादाने, आणि तेही दोनशे माणसांसमोर, घोडीचा जीव वाचवताना.

"भाऊ नसता तर तिला गोळी घालावी लागली असती," डॉक्टर म्हणाले. ते रागावले नव्हते, थकले होते. "तू त्याच्यावर का ढकलतोस? चुकलं म्हण. घाईत होतास."

"वहिनीला विचारा," धाकटा म्हणाला. "लगाम तिच्या हातात होता."

सेक्रेटरी नियमाचा माणूस होता. तो स्वतः कारकुनाला घेऊन दुकानापर्यंत आला. वहिनी दारात आली. तिचे डोळे सुजलेले होते. सेक्रेटरीने प्रश्न विचारला, कारकून लिहायला टेकला, दादा ऐरणीपाशी उभा राहिला, धाकटा पायरीवर. त्याला अजूनही काळजी वाटत नव्हती. वहिनी त्याच्यासाठी एकदा दादाशीसुद्धा आठ दिवस बोलली नव्हती.

"मी आत होते," वहिनी म्हणाली. "स्वयंपाक चालला होता. मला काही दिसलं नाही."

"लगाम कुणी धरला होता?"

"असेल मोतद्दाराने."

कारकुनाने ते लिहिलं; मोतद्दाराला बोलावून विचारावं असं कुणाला वाटलं नाही. धाकटा तिच्याकडे बघत राहिला. ती कारकुनाच्या दौतीकडे बघत होती.

क्लबाला कडक दिसायचंच होतं. बाहेरगावी चर्चा झाली होती की इथल्या शर्यतीत काळंबेरं चालतं. त्यांनी एक फळी रंगवून मांडवाच्या दाराशी ठोकली आणि वर लिहिलं की खालील इसमांना माळावर पाऊल ठेवायला कायमची मनाई आहे. खालील इसमांत एकच नाव होतं. पुढच्या आठवड्यात क्लबाने कायमचा नालबंद नेमला. घोडी वाचवणाऱ्याला सोडून दुसऱ्या कुणाला नेमणार?

निघताना धाकट्याने फक्त स्वतःची सुरी, पक्कड आणि हातोडा घेतला. वहिनीने दारात त्याचा हात धरला.

"आपलेच दात आणि आपलेच ओठ," ती म्हणाली. "मी कुणाला चावू, सांग."

"चावलंस की," तो म्हणाला, आणि हात सोडवून घेतला.

शहरापासून सात मैलांवर, दगडाच्या खाणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याने भाड्याने एक छप्पर घेतलं. तिथे खाणीची खेचरं यायची, मालाच्या गाड्यांची ओबडधोबड घोडी यायची. पातळ नालाचं तिथे काही काम नव्हतं. खेचरं लाथा मारायची. पहिल्या वर्षात त्याच्या दोन बरगड्या गेल्या. खाणीचा मुकादम म्हणायचा, "तुझ्याएवढं हळू कुणी खेचराला हात लावत नाही, ते बावचळतं." त्याने तिथल्याच एका दगडफोड्याच्या बहिणीशी लग्न केलं. तिला एवढंच सांगितलं की आपल्याला कुणी नाही. रागापेक्षा त्याला एकच गोष्ट छळायची. काम करता करता तो थांबायचा आणि मनातल्या मनात ती सकाळ पुन्हा उभी करायचा: आपणच तर नाही ना तो चौथा नाल मारला? दोघं सांगतात, कारकून लिहून ठेवतो, आणि आपण एकटे वेगळं म्हणतो. कधीकधी त्याला खरंच आठवेना.

दीड वर्षाने काडी आला, मालाच्या गाडीवर बसून. उतरताना त्याला दोघांनी धरावं लागलं. पाय आखूड झाला होता. घोड्यावर बसणं संपलं होतं. क्लबात तो आता घंटा वाजवायचा.

"मी तुला शिव्या घालायला येणार होतो," काडी म्हणाला. "गेल्या वर्षीच. गाडी मिळाली नाही."

"मग आता घाल."

काडीने पाय लांब करून दाबला. "त्या दिवशी खोगीर चढवायच्या आधी मी जायफळचे चारही पाय बघितले होते. नेहमी बघायचो. एका पायाची टोकं उलटी होती. मला वाटलं, नवी तऱ्हा काढलीस. मग माझा पायच गेला, सगळं डोक्यातून गेलं. आता रोज तुझ्या दादाने मारलेले नाल बघतो. सगळ्यांची टोकं तशीच असतात. परवा घंटा वाजवता वाजवता हात थांबला माझा."

धाकटा खाली बसला. बराच वेळ त्याने चेहरा हातात धरला होता. काडीला वाटलं तो रडतोय, पण तो रडत नव्हता. "म्हणजे मी वेडा नाही," तो म्हणाला.

"वेडा कसला? मूर्ख आहेस. मी सांगतो ना सेक्रेटरीला."

काडीने खरंच सांगितलं. सेक्रेटरीने सगळं नीट ऐकून घेतलं आणि तो म्हणाला, असेल, शक्य आहे. पण क्लबाच्या पहिल्या वर्षांचा इतिहास छापायला गेला आहे. त्या चौकशीला त्यात दोन पानं दिली आहेत, क्लब किती कडक आहे हे दाखवायला. बाहेरगावच्या क्लबांनी तशीच फळी आपल्याकडे लावली आहे. आता कुठे उकरत बसायचं? आणि नालबंद हुशार आहे, त्याच्या कामाबद्दल तक्रार नाही. काडीला त्याने बजावलं की घंटेचं काम पायाकडे बघून दिलेलं आहे, हे विसरू नये.

"मी गप्प बसलो," काडीने नंतर येऊन कबूल केलं. "घरी तीन पोरं आहेत."

"बरं केलंस," धाकटा म्हणाला. ते त्याने मनापासून म्हटलं होतं, तरी त्यानंतर काडीचं येणं कमी झालं, आणि ते दोघांनाही कळत होतं.

नऊ वर्षं गेली. एका सकाळी वहिनी आली. सात मैल चालत आली होती. केस पांढरे झालेले, चपला हातात. धाकट्याच्या बायकोने तिला पाणी दिलं, ओळखलं नाही. धाकट्याने ओळख करून दिली नाही.

"ह्यांना दिसेनासं झालंय," वहिनी म्हणाली. "जवळचं तर अजिबात नाही. हात कापतो. अजून क्लबात कुणाला कळलेलं नाही. माळावरच्या खोल्यांत आम्ही गेलोच नाही, शनिवारी सकाळी घोडी घरीच येतात आमच्या. तू पहाटे आलास, खिळे मारून गेलास, तर कुणाला समजणार नाही. तुझ्यासारखा हात..."

"म्हणजे ह्या वेळी मी मारायचे आणि दादाने म्हणायचं, मी मारले."

वहिनीने मान खाली घातली. मग तिने जे सांगितलं ते न विचारता सांगितलं. नाल मारताना घोडीने पाय ओढला होता. दादाला आवाज बसका लागला होता. खिळा काढून पुन्हा मारायचा तर खूर चिरेल, म्हणून तो धाकट्याची वाट बघत थांबला होता. "तो आला की बघेल," असं म्हणालाही होता. "सांगायला तोंड उघडलं आणि तू ती नोकरी घेऊन आलास. ह्यांनी तुझ्याकडे बघितलं आणि तोंड मिटलं. मी तिथेच होते. मलाही कळलं. मीही बोलले नाही. वाटलं, पळेल घोडी, काही होणार नाही."

"आणि नंतर? कारकून आला तेव्हा?"

"तेव्हा मी विचार केला," वहिनी म्हणाली. ती आता सरळ त्याच्याकडे बघत होती. "तू कुठेही पोट भरशील हे मला माहीत होतं. तुला मीच वाढवलं होतं. ह्यांचं तसं नव्हतं. हे मोडले असते."

धाकट्याला तिने खोटं बोलण्याची शंभर कारणं सुचली होती. भीती, नवऱ्याचा धाक, दादाने घातलेली शपथ. हे कारण त्याला कधी सुचलं नव्हतं. तिने दोघांना तोललं होतं आणि जो जास्त पक्का वाटला त्याला टाकून दिलं होतं.

"सात महिने मी इथे छपराखाली एकटा झोपलो," तो म्हणाला. "रोज वाटायचं, तू येशील."

"मला यायचं होतं."

"आज आलीस की. कामाला."

वहिनीने चपला पायात घातल्या. तो क्लबात काम करायला येणार नाही, चोरून तर नाहीच, हे त्याने तिला शांतपणे सांगितलं. मग खाणीकडून शहरात जाणारी गाडी थांबवली, तिला वर बसवलं, आणि गाडीवानाला सांगितलं की ह्यांना वेशीत नाही, घराच्या दारात सोड. वहिनी काही म्हणायला वळली, पण गाडी सुटली होती.

त्या मोसमात दादाच्या हातून दोन घोडे लंगडे झाले. क्लबाने त्याला निरोपाचा समारंभ करून, घड्याळ देऊन घरी पाठवलं. फळी कुणी लावली नाही. काडीने हे सांगितलं तेव्हा धाकटा एवढंच म्हणाला, "घड्याळ दिसतं का त्याला?"

पुढच्या हिवाळ्यात दादा आला. मालाच्या गाडीवाल्याने त्याला हाताला धरून बाकावर बसवलं. धाकटा एका खेचराचा मागचा पाय मांडीवर घेऊन काम करत होता. त्याने बघितलं आणि काम थांबवलं नाही. दादा ऐकत बसला. हातोडा पडत होता. तिसऱ्या खिळ्याला दादा म्हणाला, "आवाज जरा बसका आला. बाहेरून घे."

त्याचं बरोबर होतं. धाकट्याने खिळा काढला, जरा बाहेरून धरला आणि मारला. या वेळी आवाज टणक आला. दादाने मान हलवली. नाल पूर्ण झाल्यावर धाकट्याने पाय खाली सोडला आणि येऊन भावासमोर उभा राहिला. जवळून दादा फार म्हातारा दिसत होता. मनगटं तेवढी तशीच जाड होती.

"इथे कुणी नाही," धाकटा म्हणाला. "सेक्रेटरी नाही, कारकून नाही. मला फळीवरून नाव पुसायचं नाही. एकदा म्हण, तो पाय माझा होता. माझ्यासमोर म्हण. बस."

दादाचे ओठ हलले. त्याने दोन्ही हात गुडघ्यांवर घासले. खेचराने मागे पाय आपटला. धाकटा वाट बघत उभा राहिला, घाई न करता, जसा तो बुजलेल्या जनावरापुढे उभा राहायचा.

"ऊन चढलं," दादा शेवटी म्हणाला. "गाडी जाईल माझी."

धाकट्याने त्याला हात देऊन उठवलं, रस्त्यापर्यंत नेलं आणि गाडीत बसवलं. परत येऊन त्याने खेचराचा दुसरा पाय मांडीवर घेतला. बायकोने दारातून विचारलं, कोण होते ते.

"एक नालबंद," तो म्हणाला. "शहरातला."